अंतर, माहिती आणि काळ : लासलगावच्या कांदा बाजारपेठेतील तंत्रज्ञान व उद्योजकता – एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात वसलेले लासलगाव हे देशातील कांदा व्यापाराचे प्रमुख केंद्र आहे. या बाजारपेठेच्या जडणघडणीत रेल्वे, लोखंडी नांगर, तेल इंजिन, दूरध्वनी, विकिरण केंद्र, उपग्रह प्रतिमा आणि संवेदक यंत्रणा अशा अनेक तंत्रज्ञानांचा व ती आणणाऱ्या उद्योजकांचा वाटा आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या तंत्रज्ञानांची अंतर, माहिती आणि काळ अशा तीन गटांत मांडणी केली आहे. अंतर व माहिती यांवरील विजयाने बाजारपेठ मोठी झाली. परंतु उत्पादकाची सौदाशक्ती त्या प्रमाणात वाढली नाही. काळावर, म्हणजेच साठवणुकीवर मात करणारे तंत्रज्ञान ही स्थिती बदलू शकते. मात्र त्याची मालकी व शासकीय धोरणाचे स्थैर्य या दोन अटींवर त्याचे यश अवलंबून आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : लासलगाव, कांदा, बाजार समिती, साठवणूक, विकिरण, कृषी-उद्योजकता, निर्यात धोरण.

प्रस्तावना

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या पाव शतकात तंत्रज्ञानाधारित उद्योजकांनी अनेक प्रस्थापित क्षेत्रांची घडी बदलली. अग्निबाण उड्डाण, वाहनसेवा, किरकोळ व्यापार, पैशांची देवघेव ही क्षेत्रे पूर्वी शासनाच्या किंवा मोजक्या उद्योगसमूहांच्या हाती होती. तेथे नव्या कंपन्या आल्या. या बदलांचा विचार बहुधा महानगरांच्या संदर्भात केला जातो. परंतु तंत्रज्ञान जेव्हा ग्रामीण बाजारपेठेत प्रवेश करते, तेव्हा नेमके काय बदलते व काय बदलत नाही, हा प्रश्न अधिक मूलभूत आहे. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी लासलगाव हे विशेष उपयुक्त उदाहरण ठरते.

त्याचे कारण असे की, लासलगावी तंत्रज्ञान आजच आलेले नाही. एकोणिसाव्या शतकातील आगगाडीपासून आजच्या चाळीतील संवेदकापर्यंत दीडशे वर्षांहून अधिक काळ ही बाजारपेठ नव्या साधनांना सामोरी जात आली आहे. दुसरे कारण असे की, येथील मुख्य पीक नाशवंत असले तरी अल्पजीवी नाही. भाजीपाल्याप्रमाणे कांदा दोन दिवसांत टाकावा लागत नाही आणि धान्याप्रमाणे वर्षभर निर्धोक टिकतही नाही. या मधल्या अवस्थेमुळेच कांद्याच्या व्यापारात काळाला किंमत येते. जो थांबू शकतो तो कमावतो आणि ज्याला थांबता येत नाही तो मिळेल त्या भावाने माल देतो.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) लासलगाव बाजारपेठेच्या विकासातील तंत्रज्ञानाच्या टप्प्यांचा ऐतिहासिक मागोवा घेणे, (२) या टप्प्यांत खासगी उद्योजक, शासकीय संस्था व शेतकरी संघटन यांच्या भूमिकांचा परस्परसंबंध तपासणे, (३) नव्या तंत्रज्ञानाचा लाभ उत्पादकापर्यंत कोणत्या परिस्थितीत पोहोचतो, याविषयी निष्कर्ष काढणे. यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून, आवश्यक तेथे देशाबाहेरील समांतर उदाहरणांशी तुलना केली आहे.

अंतरावर मात : आगगाडी आणि बाजारपेठेचा उदय

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली. त्यानंतर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने खानदेशच्या दिशेने मार्ग वाढविला. थळ घाटाचा अवघड टप्पा १८६५ मध्ये वाहतुकीस खुला झाला आणि मुंबई बंदर नाशिक-खानदेशच्या पठाराशी लोहमार्गाने जोडले गेले. मुंबई-भुसावळ मार्गावर निफाड आणि मनमाड यांच्या दरम्यान लासलगाव हे स्थानक आले. नंतरच्या शतकात आसपासच्या गावांचा माल या स्थानकाकडे ओढला गेला, तो या एका भौगोलिक सोयीमुळे. बैलगाडीच्या पल्ल्यात असलेले रेल्वे स्थानक म्हणजेच त्या काळाची बाजारपेठ होती.

परंतु लोहमार्ग बाजारपेठ घडवितो. बाजारपेठेचे नियम घडवीत नाही. उघड्या बाजारातील वजनमापातील फसवणूक, हाताखाली रुमाल धरून ठरविलेले गुप्त सौदे, मनमानी कपाती आणि लांबलेली चुकवती यांवर उपाय म्हणून १९३९ चा मुंबई कृषी उत्पन्न बाजार कायदा अस्तित्वात आला. त्या कायद्याच्या चौकटीत १ एप्रिल १९४७ रोजी लासलगाव कृषी उत्पन्न बाजार समितीची स्थापना झाली. जाहीर लिलाव, अधिकृत तोलाई आणि नोंदणीकृत अडते-व्यापारी ही व्यवस्था स्वतःच एक सामाजिक तंत्र होते. निफाड व विंचूर येथील उपबाजारांनी तिचा विस्तार केला. पुढे १९६३ च्या महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन कायद्याने ही रचना राज्यभर एकसूत्री झाली.

वाहतुकीचे तंत्र ज्याच्या मालकीचे, त्याच्याकडे नफा सरकतो, हे अमेरिकेच्या इतिहासातही दिसते. शिकागोच्या गुस्ताव्हस स्विफ्ट या मांस व्यापाऱ्याने १८७० च्या दशकाच्या अखेरीस बर्फाने थंड राखलेले रेल्वे डबे वापरात आणले. जिवंत जनावरांऐवजी कापलेले मांस पूर्वेकडील शहरांत जाऊ लागले आणि संपूर्ण उद्योगाची रचना पालटली. त्या बदलाचा सर्वांत मोठा लाभ डबे व शीतगृहे ज्यांच्या ताब्यात होती त्या मोजक्या कंपन्यांना झाला. लासलगावी वाघिणी रेल्वेच्या होत्या, परंतु वाघिणीची मागणी नोंदविण्याची, एकगठ्ठा माल जमविण्याची आणि दूरच्या बाजारातील पैशासाठी थांबण्याची क्षमता व्यापाऱ्यापाशी होती. त्यामुळे अंतर कमी झाल्याचा लाभ आवारात थांबला.

या प्रक्रियेचे अलीकडील उदाहरण बोलके आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिवाळीपूर्वी लासलगावहून सुमारे १,६०० टन कांदा घेऊन एक संपूर्ण मालगाडी दिल्लीस रवाना झाली. 'कांदा एक्स्प्रेस' या नावाने ती ओळखली गेली. शासकीय बफर साठ्यातील हा कांदा राजधानीतील भाव आटोक्यात ठेवण्यासाठी पाठविला होता. लोहमार्ग तोच होता; तथापि गाडीचे वेळापत्रक ग्राहकाच्या गरजेवर ठरले होते.

उत्पादनाचे तंत्र आणि महाराष्ट्रातील यंत्रोद्योजक

बाजारात येणारा माल शेतात पिकतो आणि तेथेही यंत्रोद्योजकांनी परिवर्तन घडविले. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी १८८८ मध्ये बेळगाव येथे सायकलच्या दुकानापासून प्रारंभ केला आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला. लोखंडामुळे जमीन नापीक होते, या समजुतीमुळे प्रारंभी हा नांगर विकणे कठीण गेले. शेतात प्रत्यक्ष नांगरून दाखविणे, सुटे भाग पुरविणे आणि दुरुस्तीची हमी देणे या मार्गाने त्यांनी विश्वास संपादन केला. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीची स्थापना झाल्यावर विहिरीवरील मोटेची जागा तेल इंजिनाने घेण्याची प्रक्रिया वेगवान झाली. विहीर आणि इंजिन यांच्या बळावर उन्हाळ कांद्याचे क्षेत्र वाढू शकले. कारण हे पीक पावसाळ्यानंतरच्या पाण्यावर येते.

या परंपरेचा पुढील दुवा जळगावचे भवरलाल जैन यांच्या कार्यात आढळतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांच्या कंपनीने ठिबक सिंचनाचा प्रसार केला आणि १९९० च्या दशकात कांदा निर्जलीकरणाचा उद्योग उभारला. निर्जलीकरणासाठी प्रामुख्याने पांढरा कांदा लागतो. लासलगाव परिसरातील लाल व गुलाबी कांदा मात्र ताज्या स्वरूपातच विकला जात असल्याने या प्रक्रिया उद्योगाचा येथील भावावर मर्यादितच परिणाम झाला. तंत्रज्ञान उपलब्ध असले तरी स्थानिक वाण त्याच्याशी जुळलाच पाहिजे, हा धडा यातून मिळतो.

वाणांच्या बाबतीत सार्वजनिक संशोधनाचे योगदान निर्णायक ठरले. निफाड व पिंपळगाव बसवंत येथील संशोधन केंद्रांतून एन-५३, बसवंत-७८० आणि एन-२-४-१ हे वाण पुढे आले. १९७७ मध्ये नाफेड व संलग्न निर्यातदारांच्या पुढाकाराने स्थापन झालेली संस्था पुढे राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठान म्हणून नावारूपास आली. १९९४ मध्ये कांदा-लसूण राष्ट्रीय संशोधन केंद्र प्रथम नाशिकला सुरू झाले व १९९८ मध्ये राजगुरुनगर येथे हलले. यांपैकी एन-२-४-१ हा वाण टिकवणक्षमतेसाठी प्रसिद्ध आहे. साठवणुकीचे पहिले तंत्रज्ञान यंत्रात नसून बियाण्यात असते, हे येथे लक्षात घेणे आवश्यक आहे.

माहितीचे तंत्र : दूरध्वनीपासून उपग्रहापर्यंत

लिलावाच्या आवारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला कोलकाता, चेन्नई वा दुबईतील भाव ठाऊक नसतो. व्यापाऱ्यास तो ठाऊक असतो. ही माहितीची विषमता दूर झाली की उत्पादकास न्याय मिळेल, अशी अपेक्षा दीर्घकाळ बाळगली गेली. १९८० च्या दशकात दूरध्वनीचा विस्तार झाला, २००० मध्ये केंद्र शासनाने ॲगमार्कनेटद्वारे बाजारभाव संगणकीय जाळ्यावर आणले, त्यानंतर मोबाइल घरोघरी पोहोचला आणि १४ एप्रिल २०१६ रोजी राष्ट्रीय कृषी बाजाराची, अर्थात ई-नामची सुरुवात झाली. आज लासलगावचा सकाळचा भाव काही मिनिटांत बांधावर कळतो.

माहितीमुळे सौदा कसा बदलतो, याचे अभ्यासकांनी वारंवार उद्धृत केलेले उदाहरण केरळचे आहे. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले की, मोबाइल आल्यावर मच्छीमार समुद्रातूनच किनाऱ्यांवरील भाव विचारू लागले, भावांतील तफावत घटली आणि वाया जाणारी मासळी जवळजवळ थांबली. तेथे मच्छीमाराला होडी कोणत्या किनाऱ्यास लावावी याचा पर्याय होता. लासलगाव परिसरात स्थिती भिन्न आहे. विंचूर, पिंपळगाव बसवंत, चांदवड, मनमाड, येवला या बाजारपेठा एकमेकींपासून फार दूर नाहीत. त्यामुळे त्यांचे भाव एकत्रच वर-खाली होतात. भाव सर्वत्र एकाच वेळी कोसळला असता, तो कोसळल्याची बातमी लवकर मिळण्याने फारसे काही साध्य होत नाही. माहितीचा उपयोग करण्यासाठी पर्याय लागतो आणि कांदा उत्पादकाचा खरा पर्याय दुसरा बाजार नसून दुसरा दिवस हा आहे.

माहितीच्या क्षेत्रातील सर्वांत नवे साधन अवकाशातून आले आहे. या संदर्भात निफाड तालुक्याचा इतिहास लक्षणीय आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या सहभागाने बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली. तिचाच वारसा सांगणाऱ्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग विमानांचा कारखाना १९६४ मध्ये याच निफाड तालुक्यातील ओझर येथे आला. वालचंदनगरच्या कारखान्याने पुढे भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या अग्निबाणांसाठी महत्त्वाचे भाग बनविले. २०२० मध्ये केंद्र शासनाने अवकाश क्षेत्र खासगी उद्योगास खुले करण्याचे धोरण स्वीकारले आणि २०२३ मध्ये भारतीय अवकाश धोरण जाहीर झाले. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी हैदराबादच्या स्कायरूट कंपनीचा विक्रम-एस हा भारतातील पहिला खासगी अग्निबाण झेपावला. २०१९ मध्ये स्थापन झालेल्या बंगळूरच्या पिक्सेल कंपनीने अनेक सूक्ष्म रंगपट्ट्यांत प्रतिमा घेणारे उपग्रह सोडले असून, पिकांचे आरोग्य टिपणे हा त्यांचा एक घोषित उपयोग आहे.

कांद्याच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'चमन' या केंद्रीय प्रकल्पात उपग्रह प्रतिमांच्या साहाय्याने ज्या सात फलोत्पादन पिकांचे क्षेत्र व उत्पादन आजमावण्याचे ठरले, त्यांत कांद्याचा समावेश होता. लागवड किती झाली हे काढणीपूर्वी कळणे नियोजनास उपकारक आहे. परंतु हे ज्ञान प्रथम कोणाच्या हाती पडते, हा प्रश्न उरतो. शासनाकडे ते आधी आल्यास आयात-निर्यातीचा निर्णय त्यावर बेततो. मोठ्या खरेदीदाराकडे आल्यास खरेदीचा भाव बेततो. शेतकऱ्याकडे ते लागवडीपूर्वी आले, तरच किती एकर कांदा लावावा या निर्णयात त्याचा उपयोग होईल. आकाशातून दिसणारे शेत ज्याचे आहे, त्यालाच ते चित्र सर्वांत शेवटी दिसावे, ही विसंगती नव्या अवकाश-उद्योजकतेने दूर करावयास हवी.

काळावर मात : कांदाचाळ ते कृषक केंद्र

नाशिक जिल्ह्यात कांद्याचे तीन हंगाम मानले जातात. पोळ आणि रांगडा कांदा फार टिकत नाही. काढला की विकावा लागतो. मार्च ते मे या काळात निघणारा उन्हाळ कांदा मात्र चाळीत ऑक्टोबरपर्यंत ठेवता येतो. खालून व बाजूंनी हवा खेळती राहील अशी रचना असलेली कांदाचाळ हे या भागातील साठवणुकीचे प्रमुख साधन होय. तरीही वजनातील घट, सड, काजळी आणि मोड यांमुळे साठ्याचा मोठा हिस्सा नष्ट होतो. चार-पाच महिन्यांत ३० ते ४० टक्क्यांपर्यंत नुकसान होणे ही असामान्य गोष्ट नाही.

या समस्येवर अणुविज्ञानाने उत्तर देण्याचा प्रयत्न लासलगावीच झाला. १९९४ मध्ये भारतात कांदा, बटाटा व मसाल्यांच्या विकिरणास देशांतर्गत विक्रीसाठी मान्यता मिळाली. त्यानंतर भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगाव येथे 'कृषक', म्हणजेच कृषी उत्पादन संरक्षण केंद्र उभारले व ते २००२-०३ च्या सुमारास कार्यान्वित झाले. कोबाल्ट-६० मधून निघणाऱ्या गॅमा किरणांची ३० ते ९० ग्रे इतकी अल्प मात्रा दिल्यास कांद्याच्या गाभ्यातील कोंबाच्या पेशींचे विभाजन थांबते व मोड येत नाही. कांदा किरणोत्सारी होत नाही.

तथापि, केंद्र ज्या पिकासाठी बांधले त्या पिकासाठी ते अल्प प्रमाणातच वापरले गेले. याची कारणे तांत्रिक तसेच आर्थिक आहेत. विकिरण मोड रोखते. सड व वजनातील घट रोखत नाही. त्यासाठी आधी नीट सुकविलेला कांदा आणि नंतर नियंत्रित तापमानाचे गोदाम लागते. काढणीनंतर ठरावीक आठवड्यांतच प्रक्रिया करावी लागते, परंतु त्याच आठवड्यांत हजारो क्विंटल माल एकाच वेळी निघतो. शेतातून केंद्रात, केंद्रातून गोदामात अशी दुहेरी हाताळणी आणि तिचा खर्च कमी किमतीच्या मालास परवडत नाही.

याउलट, त्याच केंद्राचे भाग्य एका वेगळ्या फळाने उजळले. अमेरिकेत १९८९ पासून बंद असलेली भारतीय आंब्याची बाजारपेठ फळातील किडीवर विकिरणाची प्रक्रिया करण्याच्या अटीवर २००७ मध्ये पुन्हा खुली झाली. अमेरिकेच्या कृषी खात्याने मान्यता दिलेले अमेरिकेबाहेरील पहिले कोबाल्ट विकिरण केंद्र लासलगावचे होते. कोकणचा हापूस घाट चढून लासलगावी येऊ लागला, किमान ४०० ग्रे मात्रा घेऊन मुंबई विमानतळाकडे परतू लागला. पहिल्या हंगामात सुमारे १५७ टन आंबा निर्यात झाला. प्रति किलो मोठी किंमत असलेला आंबा हा प्रवास व प्रक्रिया यांचा खर्च सोसू शकला. कांद्यास ते शक्य नव्हते.

केंद्र शासनाने २०२३ मध्ये बफर साठ्यातील सुमारे १,००० टन कांद्यावर याच केंद्रात प्रायोगिक विकिरण करून तो नियंत्रित वातावरणाच्या गोदामात ठेवण्याचा प्रयोग हाती घेतला. वीस वर्षांनंतर कांदा पुन्हा त्या दारात आला; मात्र तो शेतकऱ्याचा नव्हे, शासनाचा साठा होता. थांबण्याचे सामर्थ्य देणारे तंत्रज्ञान प्रथम त्यालाच लाभले, ज्याच्यापाशी थांबण्याचे सामर्थ्य आधीपासून होते.

नवउद्योजक आणि उत्पादकांचे संघटन

अशा पार्श्वभूमीवर स्थानिक उद्योजकतेचे एक उदाहरण विशेष उल्लेखनीय आहे. लासलगावच्या कल्याणी शिंदे या अभियंता तरुणीने नाशिक येथील टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या 'डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर' या नवोपक्रम केंद्रात कांदा साठवणुकीच्या प्रश्नावर काम केले व 'गोदाम इनोव्हेशन्स' ही कंपनी स्थापन केली. चाळीत बसविलेली त्यांची संवेदक यंत्रणा तापमान व आर्द्रता मोजते, सडू लागलेल्या कांद्यातून बाहेर पडणारे वायू टिपते आणि शेतकऱ्यास वेळीच सूचना देते.

या उपायाचे ऐतिहासिक महत्त्व त्याच्या आकारात आहे. विकिरण केंद्र कांद्याला स्वतःकडे बोलावते. संवेदक कांद्याजवळ जातो. तो सड थांबवीत नाही, परंतु सडीची वार्ता वास येण्याआधी देतो. खराब माल निवडून काढणे किंवा उरलेला त्वरित विकणे हा निर्णय शेतकऱ्याच्या हाती राहतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगर ज्याप्रमाणे शेतकऱ्याच्याच बैलांस जुंपला गेला, त्याचप्रमाणे हे साधन त्याच्याच चाळीत बसते. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने 'ग्रँड ओनियन चॅलेंज' ही स्पर्धा जाहीर करून काढणी, साठवणूक व वाहतूक यांसाठी नवउद्योजक, विद्यार्थी व संशोधकांकडून कल्पना मागविल्या. यावरून या प्रश्नाची निकड शासकीय पातळीवरही मान्य झाल्याचे दिसते.

तंत्रज्ञानाची सामुदायिक मालकी हा दुसरा मार्ग होय. २००२ च्या कंपनी कायद्यातील दुरुस्तीने उत्पादक कंपनीची तरतूद झाली. तिचा आधार घेऊन कृषी अभियंते विलास शिंदे यांच्या नेतृत्वाखाली दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथे 'सह्याद्री फार्म्स' ही शेतकऱ्यांची कंपनी उभी राहिली. द्राक्ष निर्यातीपासून प्रारंभ करून तिने शीतगृहे, प्रतवारी आणि फळप्रक्रिया यांत गुंतवणूक केली. २०२२ मध्ये युरोपीय गुंतवणूकदारांनी तिच्या प्रक्रिया उद्योगात सुमारे ३१० कोटी रुपये गुंतविले. द्राक्षाच्या प्रत्येक पेटीचा माग काढता येतो, परदेशी खरेदीदाराशी आगाऊ करार होतो आणि निर्यातीवर अचानक बंदी येत नाही. कांद्यास यांपैकी शेवटची अट कधीच लाभली नाही. म्हणून मोहाडीचा यशस्वी नमुना लासलगावच्या कांद्यास जसाच्या तसा लागू करता येणार नाही.

धोरण आणि तंत्रज्ञान यांतील विसंवाद

साठवलेल्या धान्याचे रूपांतर विश्वासार्ह पावतीत करण्याचे तंत्र १८५० च्या दशकात शिकागोच्या यांत्रिक धान्यकोठारांनी प्रस्थापित केले. प्रतवारीनुसार धान्य एकत्र साठविले जाऊ लागले, पावतीवर कर्ज मिळू लागले आणि वायदेबाजार उभा राहिला. कांद्याच्या बाबतीत मात्र तोच वायदेबाजार अंगलट आला. १९५५-५६ मध्ये शिकागोत दोन सटोडियांनी कांद्याचा साठा ताब्यात घेऊन भाव असा पाडला की, गोणीची किंमत आतील कांद्यापेक्षा अधिक झाली. परिणामी ऑगस्ट १९५८ मध्ये अमेरिकेने कायद्याने कांद्याचे वायदे बंद केले. त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी भारतात नाफेडची स्थापना झाली. दोन्ही देशांनी कांद्याचा भाव हा राजकीय प्रश्न मानला, पण अमेरिकेतील बंदीने उत्पादकास सट्ट्यापासून वाचविण्याचा प्रयत्न केला, तर भारतातील हस्तक्षेपाचा कल कालांतराने ग्राहकाकडे झुकला.

भाव वाढले की सरकारे डळमळतात, हे १९९८ च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीने ठळकपणे दाखविले. त्यानंतर निर्यातीवरील निर्बंध हे नेहमीचे हत्यार बनले. २९ सप्टेंबर २०१९ व १४ सप्टेंबर २०२० रोजी निर्यातबंदी आली. १९ ऑगस्ट २०२३ रोजी ४० टक्के निर्यातशुल्क लादले गेले व त्याच्या निषेधार्थ लासलगावसह जिल्ह्यातील लिलाव बंद पडले. ८ डिसेंबर २०२३ ची बंदी ४ मे २०२४ रोजी उठली, ती ५५० डॉलर प्रतिटन किमान निर्यातमूल्य व ४० टक्के शुल्कासह. हे शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले.

या तारखा बारकाईने पाहिल्यास एक महत्त्वाची बाब निदर्शनास येते. ऑगस्ट व सप्टेंबर या महिन्यांत बाजारात असतो तो प्रामुख्याने चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा. म्हणजेच या काळातील निर्बंधाचा आघात त्या शेतकऱ्यावर अधिक होतो, ज्याने चाळ बांधली, जोखीम पत्करली आणि वाट पाहिली. ज्याने मे महिन्यात मातीमोल भावाने माल विकला, त्याला या निर्बंधाची झळ लागत नाही, कारण त्याचे नुकसान आधीच झालेले असते. साठवणुकीचे तंत्रज्ञान जितके प्रभावी, तितका शेतकऱ्याचा अधिक माल अधिक काळ धोरणाच्या टप्प्यात राहतो. उत्तम संवेदक सडीची सूचना देऊ शकतो. अधिसूचनेची देऊ शकत नाही.

दुसऱ्या बाजूस, भाव कोसळल्यावर मिळणारे संरक्षण तोकडे राहिले. नोव्हेंबर २०१८ मध्ये निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्यास ७५० किलो कांद्याचे अवघे १,०६४ रुपये मिळाले व निषेध म्हणून त्याने ती रक्कम पंतप्रधानांकडे पाठविली. त्या वर्षी राज्य शासनाने प्रतिक्विंटल २०० रुपये, तर २०२३ मध्ये ३५० रुपये अनुदान जाहीर केले. ही मदत घटना घडून गेल्यानंतरची होती. थांबण्याची शक्ती देणारी नव्हती.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. लासलगावच्या इतिहासात अंतरावर प्रथम, माहितीवर नंतर आणि काळावर सर्वांत शेवटी मात करण्याचे प्रयत्न झाले. पहिल्या दोहोंमुळे बाजारपेठेचा विस्तार झाला. परंतु उत्पादकाची सौदाशक्ती प्रामुख्याने तिसऱ्यावर अवलंबून असल्याने ती त्या प्रमाणात वाढली नाही.

२. तंत्रज्ञान पिकाच्या आर्थिक स्वरूपाशी जुळणे आवश्यक असते. कांद्यासाठी उभारलेले विकिरण केंद्र आंब्यासाठी यशस्वी ठरले, यातून विज्ञानाचे अपयश सिद्ध होत नाही. खर्च, मूल्य आणि हंगाम यांचा मेळ बसला नाही, एवढेच सिद्ध होते.

३. किर्लोस्करांच्या नांगरापासून चाळीतील संवेदकापर्यंत जी साधने शेतकऱ्याच्या ताब्यात व त्याच्या जागेवर राहिली, त्यांनी त्याचा निर्णयाधिकार वाढविला. जी साधने आवारात, गोदामात वा उपग्रह कक्षेत केंद्रित झाली, त्यांचा लाभ त्यांच्या चालकांकडे अधिक गेला. उत्पादक कंपनीसारख्या संघटनांतून केंद्रित साधनांचीही मालकी उत्पादकाकडे येऊ शकते.

४. खासगी उद्योजकतेमागे सार्वजनिक संशोधनाचा पाया आहे. टिकाऊ वाण, अणुविज्ञान व उपग्रह यांपैकी काहीही प्रथमतः बाजाराच्या प्रेरणेने निर्माण झालेले नाही.

५. साठवणुकीतील गुंतवणूक फलदायी ठरण्यासाठी उन्हाळ कांद्याच्या साठवण काळात, विशेषतः जून ते ऑक्टोबर या महिन्यांत, निर्यात धोरण आगाऊ जाहीर व स्थिर असणे अत्यावश्यक आहे. पीक अंदाजाची उपग्रहीय माहिती लागवडीपूर्वी मराठीतून व बाजार समित्यांमार्फत शेतकऱ्यांना उपलब्ध करून देणे, हेही तितकेच गरजेचे आहे.

ग्रामीण महाविद्यालयांच्या दृष्टीने या विषयास आणखी एक बाजू आहे. लासलगाव परिसरातील महाविद्यालयांत शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी कांदाचाळ आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, संगणकशास्त्र, अर्थशास्त्र आणि इतिहास हे सर्व विषय त्या चाळीत एकत्र येतात. चाळीतील तापमान व आर्द्रतेच्या नोंदी, सडीचे प्रमाण आणि विक्रीचे भाव यांची वर्षानुवर्षे पद्धतशीर नोंद महाविद्यालयीन पातळीवर झाल्यास, तंत्रज्ञान खरोखर कोणास लाभते या प्रश्नाचे उत्तर याच परिसरातून आणि याच परिसराच्या आकडेवारीने देता येईल.